भिंतीवरचं गोत

दुकानात कोणी फोटो घेऊन आलं की फ्रेमवाल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "कोण हे?"

हा चोंबडेपणा नव्हता. नातं कळल्याशिवाय त्यांना पट्टी निवडता येत नसे. आईच्या फोटोला रुंद पट्टी, वडिलांच्या फोटोला गडद, आणि सासऱ्यांचा फोटो असेल तर आधी आणणाऱ्याचा चेहरा बघून मग काय ते. नवरा-बायकोच्या फोटोला ते सोनेरी पट्टी लावून देत नसत. सोनेरी रंग लवकर उडतो, आणि उडाला की दोघांपैकी एक जण दुकानात येऊन भांडतो, असा त्यांचा अनुभव होता. बाकी माणूस अबोल. पट्ट्या तिरक्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, काच बसवायची, मागे पुठ्ठा ठोकायचा, यातच त्यांचा जन्म गेला होता. 'कोण हे' सोडून त्यांना दुसरं काही विचारताना गल्लीत फारसं कोणी ऐकलं नव्हतं.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर न नेलेले फोटो टांगलेले होते. लोक फोटो टाकून जातात आणि विसरतात. कोणी गाव सोडतं, कोणाचं फोटोतल्या माणसाशीच बिनसतं. दुसरे फ्रेमवाले असे फोटो काढून फेकतात आणि फ्रेम पुन्हा वापरतात. यांचा हात धजत नसे. एकावर एक रचून ठेवावेत तर दमट हवेत फोटो काचेला चिकटतो. म्हणून एकेक करत त्यांनी सगळे भिंतीवर चढवले. तिरळ्या डोळ्याच्या, कपाळाला आठी घातलेल्या एक बाई. जाड मिशांचे एक गृहस्थ, काखेत कुत्रा. बँडच्या पोशाखातले तिघे. नवरा-नवरीचं एक जोडपं, दोघंही कॅमेरा सोडून दोन वेगळ्या दिशांना बघणारे. आणखीही बरेच. शेजारच्या गाळ्यातला चावीवाला म्हणायचा, "फ्रेमवाले, तुमच्या दुकानात पाऊल टाकलं की वाटतं, चुकून भलत्याच लग्नाला आलो."

फ्रेमवाल्यांची एकुलती एक लेक शिकायला म्हणून परदेशी गेली आणि एका हंगेरियन मुलाशी लग्न करून तिकडेच राहिली. जावई चांगला होता, म्हणजे फोनवर हसायचा. तोंड उघडायची वेळ आली की तोही सासऱ्यांसारखाच गप्प व्हायचा, त्यामुळे दोघांचं चांगलं जमलं होतं. त्यांना मुलगी झाली. ती आता शाळेत जायला लागली होती आणि आजोबांशी अजून एक शब्द बोललेली नव्हती. फोनच्या पडद्यावर ते दिसले की ती सोफ्याच्या मागे जायची. मग सोफ्यावरून नुसते केस दिसत. फ्रेमवाले त्या केसांशी थोडा वेळ बोलत आणि फोन ठेवून देत.

"मराठी कळतं तिला थोडंफार," लेक सांगायची. "पण बोलते ती बापाचीच भाषा. तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाबा."

फ्रेमवाल्यांनी लावून घेतलं. बायको असती तर तिने भाषेबिषेच्या भानगडीत न पडता पोरीला सरळ मांडीवर ओढलं असतं. ती गेल्यापासून घरात बोलण्याचं काम यांच्या गळ्यात पडलं होतं, आणि ते काही यांना झेपत नव्हतं.

अशात लेकीने कळवलं की सुट्टीत ती मुलीला घेऊन येते आहे. जावयाला रजा नव्हती. फ्रेमवाल्यांना आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ धास्ती बसली. पोर एवढ्या लांबून येणार, आणि इथेही सोफ्यामागेच राहून परत गेली तर? पुढची खेप कधी होईल, तेव्हा आपण कुठे असू, कोणी सांगावं. आपल्याला तिने एकदा तरी आजोबा म्हणावं, कोणत्याही भाषेत म्हणावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

आख्खी भाषा या वयात डोक्यात शिरणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण नाती शिरतील असं वाटलं. जन्मभर तोच धंदा केला होता. त्यांनी फोनवर एक बाई शोधून काढल्या. त्या फोनमध्ये बसून अतिशय शांतपणे हंगेरियन शिकवत. एक शब्द दोनदा म्हणत आणि मग फ्रेमवाल्यांसाठी थांबत. फ्रेमवाले आजूबाजूला कोणी नाही असं बघून तो म्हणत.

आई म्हणजे ऑन्यॉ. बाप म्हणजे ऑपॉ. इथवर ठीक चाललं. पुढे आजी आणि आजोबा आले, नॉद्यमॉमॉ आणि नॉद्यपॉपॉ, तेव्हा जीभ टाळ्याला कुठे लावायची यातच दुपार गेली. शब्द कानावरून जात, पण टिकत नसत. कारण उघड होतं. चेहरा नसेल तर नातं त्यांच्या लक्षात राहत नसे. गिऱ्हाइकांची नावं त्यांना कधी आठवली नव्हती, पण कोणाच्या सासूला कुठली पट्टी लावली ते सांगता आलं असतं.

म्हणून त्यांनी मान वर केली आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथे इतके चेहरे बिनकामाचे टांगलेले होते.

त्या दिवसापासून तिरळ्या बाईंकडे आत्याचं काम आलं. नॉद्यनेनी. हा शब्द तिकडे आत्या, मावशी, काकू, मामी सगळ्यांना चालतो, असं फोनमधल्या बाई म्हणाल्या. फ्रेमवाल्यांना हा फारच ढिसाळ कारभार वाटला. आत्याला आणि मामीला एकाच शब्दाने हाक मारायची, तर लग्नात रुसायचं कोणी? मिशीवाले गृहस्थ कुत्र्यासकट काका झाले, नॉद्यबाची, आणि तेही मामासकट. बँडवाल्या तिघांपैकी मोठ्याला बात्यॉ, म्हणजे दादा, आणि धाकट्याला ओच, म्हणजे धाकटा भाऊ. थोरला-धाकटा यांना वेगळे शब्द आहेत हे बघून त्यांचं त्या लोकांबद्दल जरा बरं मत झालं. मधल्याला त्यांनी मेहुणा केलं, शोगोर. त्याचं तोंडच तसं होतं.

व्याह्यालाही तिकडे शब्द आहे हे कळलं तेव्हा मात्र ते हातातली हातोडी खाली ठेवून थोडा वेळ बसले. नास. विहिणीलाही आहे. इंग्रजीत व्याह्याला शब्दच नाही असं त्यांनी लेकीकडून ऐकलं होतं आणि तेव्हापासून त्या भाषेबद्दल त्यांना शंका होती.

सून आणि जावई हे दोन शब्द एकाच धड्यात आले. मेन्य आणि व्यो. नवरीवर त्यांनी सून बसवली, नवऱ्यावर जावई. एका फोटोत दोन कामं झाली म्हणून ते खूश होते. चावीवाला त्या वेळी पाना परत द्यायला आला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ त्या जोडप्याकडे बघत राहिला.

"म्हणजे तुमची सून तुमच्या जावयाला दिली?" तो म्हणाला.

"शिकण्यापुरती," फ्रेमवाले म्हणाले.

"मुलाला विचारलंत?"

"मुलगा नाही मला."

"मग हरकत नाही," म्हणून चावीवाला पाना ठेवून गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली, आणि नंतर कित्येक दिवस पानवाल्यापासून शिंप्यापर्यंत जो तो त्यांना सूनबाई कशा आहेत म्हणून विचारत होता.

आजी मात्र त्यांनी भिंतीवरच्या कोणावर बसवली नाही. ती घरी होती, साध्या सागवानी पट्टीत. रोज सकाळी दुकानाला निघताना ते तिच्यासमोर थांबून एकदा नॉद्यमॉमॉ म्हणत. आजोबांसाठी फोटोच नव्हता. गल्ल्याशेजारी विकायचा एक लहान आरसा टांगलेला होता, त्यात बघून ते हळूच नॉद्यपॉपॉ म्हणत आणि लगेच मान फिरवत. स्वतःलाच हाक मारल्यासारखं ओशाळं वाटे.

नात आली. सामान आत आलं, लेक पाया पडली, आणि नात तिच्या मागे गेली. घरात सोफा नव्हता, म्हणून तिने दाराचा पडदा घेतला. फ्रेमवाल्यांचं पाठांतर बाजूलाच राहिलं. ते पडद्याकडे बघून हसले. पडदा हलला नाही. जेवताना ती आईच्या दंडाआडून त्यांना न्याहाळत होती, आणि त्यांनी बघितलं की ताटात बघत होती. असेच तीन-चार दिवस गेले. लेक म्हणाली, वेळ लागतो तिला. वेळच तर नाहीये, असं फ्रेमवाल्यांच्या मनात आलं, पण ते आमटी वाढून घेत राहिले.

मग लेकीची दाढ दुखायला लागली. दातांच्या डॉक्टरकडे लहान पोरीला न्यायचं नव्हतं, तेव्हा ती मुलीला दुकानात सोडून गेली. "बाहेर जाऊ देऊ नका. रडली तर फोन करा," असं बापाला सांगून तिने मुलीला हंगेरियनमध्ये काहीतरी बजावलं. बहुधा तेच.

नात रडली नाही. ती स्टुलावर बसली आणि फ्रेमवाले काच कापत होते ते बघत राहिली. काचेवर रेघ ओढून त्यांनी अलगद ठोका दिला आणि काच सरळ दुभंगली, तेव्हा तिच्या भुवया वर गेल्या. पण बोलली नाही. मग ती उठली, दुकानात फिरली आणि मागच्या भिंतीपुढे जाऊन उभी राहिली. एकेका चेहऱ्याकडे तिने नीट बघितलं. शेवटी तिरळ्या बाईंकडे बोट केलं.

"कि एझ?" ती म्हणाली.

हे फ्रेमवाल्यांना येत होतं. फोनमधल्या बाईंचा पहिलाच धडा तो. कोण हे? आयुष्यभर जो प्रश्न त्यांनी गिऱ्हाइकांना विचारला तो आज कोणीतरी त्यांना विचारत होतं. त्यांच्या तोंडून उत्तर आपोआप निघालं.

"नॉद्यनेनी."

नातीने वळून त्यांच्याकडे बघितलं. या म्हाताऱ्याला बोलता येतं हे तिला नवीन होतं. तिने पुन्हा बाईंकडे बघितलं, त्यांची आठी तपासली, आणि मान डोलावली. मग बोट मिशीवाल्यांकडे गेलं. नॉद्यबाची. कुत्र्याकडे गेलं. कुत्र्याचा शब्द येत नव्हता, म्हणून तेही नॉद्यबाचीच. तिला हसू आलं. बँडवाले झाले. जोडपं झालं, तिथे ती जरा गोंधळली, पण हरकत घेतली नाही. आणि असं करता करता ती भिंतीच्या टोकाला, गल्ल्याशेजारच्या आरशापर्यंत आली. आरशात ती दिसत होती आणि तिच्या मागे फ्रेमवाले दिसत होते. त्यांनी शब्द जिभेवर आणून ठेवला होता. तिने दोघांकडे बघितलं, काही विचारलं नाही, आणि परत भिंतीच्या सुरुवातीला गेली.

तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं की आपण हे काय करून बसलो. यातलं कोणीही आपलं नव्हतं. ही लोकांची माणसं आहेत, लोक न्यायची विसरले, एवढं सांगायला लागणारं व्याकरण त्यांच्यापाशी नव्हतं. त्यांच्याकडे फक्त नाती होती. आणि खरं सांगायचं तर तिला हसलेलं बघितल्यावर त्यांना सांगायचंही नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला बातमी फुटली. नात आईला भडाभडा सांगत होती आणि लेक, एक गाल सुजलेला, बापाकडे बघत होती.

"बाबा, आपल्या घरात बँडमध्ये कोण होतं?"

फ्रेमवाल्यांनी घडलं ते सांगितलं. लेकीला आधी हसू आलं, मग दाढ दुखली, मग राग आला. "ती परत गेल्यावर शाळेत हे सगळं सांगणार. तिच्या तिकडच्या आजीला सांगणार. एका भिंतभर खोटे नातेवाईक घेऊन जाणार ती."

"जाईपर्यंत राहू दे," ते म्हणाले.

"का?"

त्यांनी भाताचं शीत ताटाच्या कडेला सरकवलं. "त्यांच्यामुळे बोलते माझ्याशी."

लेक म्हणाली की असं चालणार नाही, मोठेपणी तिला कळेल तेव्हा आजोबांनी फसवलं असंच वाटेल. आणि हे तिने, म्हणजे आईने, सांगून उपयोग नाही, ज्याने सांगितलं त्यानेच निस्तरावं. तिने तिथल्या तिथे बापाला वाक्य शिकवलं. ओक नेम ऑ रोकोनॉइंक. हे आपले नातेवाईक नाहीत. फ्रेमवाल्यांनी ते घोकलं. एवढ्याशा शब्दांत एवढ्या माणसांना घराबाहेर काढायचं, त्यांना ते जड गेलं.

दुसऱ्या दिवशी लेक पुन्हा डॉक्टरकडे गेली आणि नात स्वतःच्या पायांनी दुकानात आली. येताच तिने भिंतीपुढे उभं राहून सगळ्यांची विचारपूस केली. फ्रेमवाले पट्टी कापत होते. ही पट्टी झाली की सांगू, असं त्यांनी ठरवलं. ती झाल्यावर दुसरी घेतली. ती झाल्यावर कोपरे जुळवायला घेतले.

तेवढ्यात एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. पन्नाशीचे, हातात पिशवी, चेहरा ओशाळलेला. म्हणाले, बरीच वर्षं झाली, आईचा फोटो टाकला होता, बदली झाली आणि राहूनच गेलं, आता पावती वगैरे काही नाही, असेल तर बघा. फ्रेमवाल्यांना पावती लागली नसती. गृहस्थांचा डावा डोळा तिरळा होता.

ते स्टूल घेऊन भिंतीकडे गेले. वर चढून त्यांनी बाईंच्या फ्रेमला हात घातला, आणि खालून कोणीतरी त्यांची विजार धरली.

"नेम," नात म्हणाली. नाही. मग ती पुढे होऊन भिंत आणि गृहस्थ यांच्यामध्ये हात पसरून उभी राहिली.

गृहस्थांनी विचारलं, काय झालं. फ्रेमवाल्यांना स्टुलावरून सांगणं भाग पडलं.

"तुमच्या आई इथे आत्या आहेत," ते म्हणाले. "गेले काही महिने."

गृहस्थांनी हे मनात घोळवून बघितलं. "कोणाच्या?"

"हिच्या."

"आमचं तर तुमच्याकडे काही नातं नाही."

"तेच सांगायचं होतं तिला," फ्रेमवाले म्हणाले. "सकाळपासून सांगतोय." हे खरं नव्हतं.

ते खाली उतरले, फ्रेम छातीशी धरून नातीसमोर उकिडवे बसले, आणि एकेक शब्द ठेवत म्हणाले, "ओक नेम ऑ रोकोनॉइंक."

नातीने ऐकून घेतलं. बाईंकडे बघितलं. मग मान वर करून गृहस्थांच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा बाईंकडे. गृहस्थांनी संकोचून डोळे मिचकावले. तिने त्यांच्याकडे बोट केलं.

"कि एझ?"

"फिऑ," फ्रेमवाले म्हणाले. मुलगा. त्यांचा.

हे तिला पटलं. मुलगा आईला न्यायला आला असेल तर भाचीने मध्ये उभं राहायचं नसतं, असं काहीतरी तिने ठरवलं असावं. तिने हात खाली घेतले. पण गृहस्थ कोण ते कळलं, आता गृहस्थांनाही इकडचं कळायला हवं, हा रीतीचा भाग राहिला होता. तिने फ्रेमवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या परक्या माणसाला एक आख्खं वाक्य सांगितलं. फ्रेमवाल्यांना त्यातला एकच शब्द कळला. तो ते रोज आरशात बघून म्हणत होते.

"काय म्हणाली?" गृहस्थांनी विचारलं.

फ्रेमवाल्यांनी फडकं घेऊन काच पुसायला सुरुवात केली आणि स्वच्छ झाल्यावरही बराच वेळ पुसली. "काही नाही," ते म्हणाले. "मी कोण ते सांगितलं."

गृहस्थ आईला पिशवीत घालून गेले. जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो हं." आत्याच्या मुलाने म्हणावं तसंच म्हणाले. भिंतीवर त्या जागी एक फिकट चौकोन राहिला.

वाक्य नातीला कळलं होतं की तिने ते फक्त त्या बाईंपुरतं घेतलं, हे फ्रेमवाल्यांना समजेना. ती पुन्हा भिंतीकडे वळली आणि तिने मिशीवाल्यांकडे बोट केलं, तेव्हा त्यांनी खरं बोलायचं ठरवलं. माहीत नाही, हे त्यांना म्हणता येत होतं.

"नेम तुदोम," ते म्हणाले.

नातीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग बँडवाल्यांकडे बोट केलं. नेम तुदोम. जोडप्याकडे केलं. नेम तुदोम. तिच्या चेहऱ्यावर काळजी उमटली. तिने त्यांचा हात धरला, त्यांना ओढत भिंतीच्या सुरुवातीला नेलं, स्टुलावर बसवलं, आणि समोर उभी राहून अगदी सावकाश, एक शब्द दोनदा म्हणत, मध्ये त्यांच्यासाठी थांबत, सुरुवात केली.

"नॉद्यबाची," ती म्हणाली.

"नॉद्यबाची," फ्रेमवाले म्हणाले.

लेक गालाला रुमाल लावून परत आली तेव्हा तिचा बाप स्टुलावर ताठ बसला होता आणि मेहुण्यापाशी अडला होता. चावीवाला पान्याचं निमित्त काढून दारात उभा राहून ऐकत होता. लेकीने डोळ्यांनीच विचारलं, सांगितलंत का?

"सांगितलं," फ्रेमवाले म्हणाले.

"मग?"

"मग तिला वाटलं, मी विसरलो."

"शोगोर," नात जरा आवाज चढवून म्हणाली, आणि त्यांनी मान फिरवून भिंतीकडे बघितलं.